नळ आला, पाणी आले का?

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला असताना कोट्यवधी माणसांना प्यायला चांगले पाणी का मिळत नाही, हा प्रश्न शाळकरी मुलांपासून जाणत्या वाचकांपर्यंत सर्वांनाच पडतो. यातील साडेसत्त्याण्णव टक्के पाणी खारे असून उरलेल्या गोड्या पाण्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक बर्फाच्या रूपात गोठलेले आहे, असे त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत दिलेले असते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताक हा आफ्रिकेतील अत्यंत जलसंपन्न देश असूनही तेथील निम्म्याहून अधिक लोकांना साधी पाणीसेवा मिळत नाही, आणि ज्यांच्याकडे एकही मोठी नदी नाही अशा आखाती देशांत समुद्राचे पाणी गोडे करून ते घरोघरी पोचवले जाते. पाणी मिळणे किंवा न मिळणे हे पावसापेक्षा माणसाने उभ्या केलेल्या, आणि उभी केल्यावर सांभाळलेल्या, व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते. ही व्यवस्था कोणत्या भागांची बनलेली असते आणि ती नेमकी कोठे तुटते, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

१. मोजायचे काय?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी सुरक्षित पाणी आणि स्वच्छतेची सोय हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले, आणि २०१५ मध्ये ठरलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी सहाव्या उद्दिष्टात २०३० पर्यंत ही सेवा सर्वांपर्यंत नेण्याचे ठरले. उद्दिष्ट ठरले की मोजमाप ठरवावे लागते. हे काम जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त कार्यक्रम १९९० पासून करत आहे, आणि त्यासाठी त्याने सेवेच्या पायऱ्या कल्पिल्या आहेत.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत खालची पायरी म्हणजे नदी, तळे, ओढा यांतील पाणी थेट पिणे. त्याच्या वर असुरक्षित विहिरी आणि झरे येतात. बांधीव विहीर, हातपंप किंवा नळ यांसारखा संरक्षित स्रोत आहे, पण तेथे जाऊन, रांगेत थांबून, पाणी घेऊन परत येण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, त्या सेवेला ‘मर्यादित’ म्हणतात, आणि हेच काम अर्ध्या तासाच्या आत होत असेल तर तिला ‘मूलभूत’ म्हणतात. सर्वांत वरची पायरी ‘सुरक्षितपणे व्यवस्थापित’ पाण्याची असून तिच्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : पाणी घरात किंवा अंगणात असावे, हवे तेव्हा मिळावे आणि ते विष्ठेतील जंतूंपासून, तसेच आर्सेनिक व फ्लोराइड यांसारख्या घातक रसायनांपासून मुक्त असावे.

या मोजपट्टीने २०२४ मध्ये जगातील सुमारे २१० कोटी लोक, म्हणजे चारपैकी एक माणूस, वरच्या पायरीपर्यंत पोचलेला नव्हता आणि १० कोटी ६० लाख लोक उघड्यावरचे पाणी थेट पीत होते. स्वच्छतेच्या सुरक्षित सोयीपासून ३४० कोटी लोक वंचित होते, त्यांपैकी ३५ कोटी ४० लाख लोक उघड्यावर शौचास बसत होते, तर घरात साबण आणि पाणी यांसह हात धुण्याची सोय नसलेल्यांची संख्या १७० कोटी होती. नळाला पाणी येते, पण दिवसाआड तासभर येते, किंवा रोज येते पण गढूळ येते, अशी घरे गावाच्या कागदोपत्री ‘नळजोडणी पूर्ण’ या रकान्यात जात असली तरी या मोजपट्टीवर वरच्या पायरीला पोचत नाहीत.

२. रोगाचा प्रवास

पाणी, शौचालय आणि हात धुणे हे तीन विषय एकत्र का मोजले जातात, याचे उत्तर लंडनच्या सोहो भागात १८५४ साली पसरलेल्या कॉलऱ्याच्या साथीत सापडते. त्या काळी कॉलरा दुर्गंधीयुक्त हवेने होतो, असा बहुतेक वैद्यांचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे शोधून काढली, तेव्हा त्यांतील बहुतेक जण ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच हातपंपाचे पाणी पीत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. जवळच्याच अनाथ-गरिबांच्या वसतिगृहाची स्वतःची विहीर होती आणि तेथे मृत्यू अगदी थोडे झाले होते. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, तरी पाणी आणि कॉलरा यांचा संबंध पुढे आला तो या तपासातून. नंतरच्या तपासात असे आढळले की, पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर एका घराचा मैल्याचा खड्डा होता, त्याचे बांधकाम झिरपत होते, आणि आजारी बाळाचे लंगोट धुतलेले पाणी त्याच खड्ड्यात ओतले गेले होते. पाण्याचा प्रश्न आणि मैल्याचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, हे या तीन फुटांच्या अंतराने दाखवून दिले.

विष्ठेतील जंतू दुसऱ्या माणसाच्या तोंडापर्यंत पाच वाटांनी पोचतात : पाणी, बोटे, माश्या, शेतजमीन आणि या चारहीतून दूषित होणारे अन्न. शौचालयामुळे जमीन आणि माश्यांची वाट अडते, शुद्ध पाण्यामुळे पाण्याची, तर साबणाने हात धुतल्यामुळे बोटांची. पाच ठिकाणी गळणाऱ्या छपराची दोनच कौले बदलली तर घरात येणारे पाणी कमी होते, पण घर कोरडे राहत नाही, तसेच येथे घडते. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे या देशांत हजारो कुटुंबांवर झालेल्या आणि २०१८-१९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत घरोघरी क्लोरीन, साधी शौचालये आणि हात धुण्याची साधने देऊनही मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. बांगलादेशात जुलाबाचे प्रमाण घटले, पण केनिया आणि झिंबाब्वेत तेही घटले नाही. ही साधने निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. वस्तीतील मैला उघडाच राहत असेल तर एखाद्या घराने घेतलेली काळजी तोकडी पडते, असा तो अर्थ आहे. असुरक्षित पाणी, अस्वच्छता आणि हात धुण्याच्या सोयीचा अभाव यांमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १४ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

३. नितळ पाण्यातील विष

पाणी नितळ दिसले आणि चवीला गोड लागले म्हणजे ते चांगले, हा समज किती महाग पडू शकतो, ते बांगलादेशात दिसले. तळ्यांचे दूषित पाणी पिऊन तेथे दरवर्षी असंख्य बालके जुलाबाने दगावत असत, म्हणून १९७० च्या दशकापासून कूपनलिकांचा प्रसार करण्यात आला आणि त्यांची संख्या पुढे लाखांवर गेली. जमिनीखालचे पाणी जंतूंपासून बऱ्याच अंशी मुक्त असते, त्यामुळे ही योजना शहाणपणाचीच होती. मात्र हिमालयातून नद्यांनी वाहून आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक असते, आणि गाळातील सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू संपला की ते सुटून भूजलात मिसळते. या पाण्याला रंग, वास किंवा चव नसते. तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी, अंगावर काळे-पांढरे डाग आणि पुढे कर्करोग ही लक्षणे दिसण्यास अनेक वर्षे लागतात, त्यामुळे १९९३ मध्ये आर्सेनिकचा शोध लागेपर्यंत एक पिढी ते पाणी पीत होती. त्यानंतर सुमारे ५० लाख कूपनलिकांची तपासणी होऊन, दर लिटरला ५० मायक्रोग्रॅम या देशाच्या मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक असलेल्या पंपांचे तोंड लाल आणि इतरांचे हिरवे रंगवण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा याच्या एक-पंचमांश, म्हणजे १० मायक्रोग्रॅम आहे.

महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी दीर्घकाळ पोटात गेले तर आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि प्रमाण बरेच जास्त असेल तर हाडे ताठरतात. जंतू आणि रसायन यांतील फरक सामान्य वाचकाने नीट लक्षात ठेवला पाहिजे : पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण आर्सेनिक किंवा फ्लोराइड जात नाही; उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच.

४. टीसीएल पावडरचा हिशेब

जंतू मारण्याचा सर्वांत स्वस्त आणि सार्वजनिक उपाय म्हणजे क्लोरीन. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत तो ‘टीसीएल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्लीचिंग पावडरच्या रूपात वापरला जातो, आणि ती टाकण्याचे काम जलसुरक्षक म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडे असते. चांगल्या प्रतीच्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते आणि दर हजार लिटर पाण्यास साधारण अडीच ग्रॅम पावडर लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि आतील पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर त्रिज्येचा वर्ग (१.५ × १.५ = २.२५) गुणिले ३.१४ गुणिले ४ म्हणजे सुमारे २८ घनमीटर, अर्थात २८ हजार लिटर पाणी होते, आणि त्यासाठी २८ × २.५ म्हणजे ७० ग्रॅम पावडर पुरते. पाणी गढूळ असेल किंवा त्यात काडीकचरा कुजलेला असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होते आणि मात्रा वाढवावी लागते.

पावडर थेट विहिरीत फेकणे चुकीचे असते. बादलीत थोड्या पाण्यात तिची गुठळ्या नसलेली लापशी करून मग बादली पाण्याने पाऊण भरतात, पावडरीतील चुना तळाशी बसण्यास पाच-दहा मिनिटे देतात, वरचे निवळलेले पाणी दुसऱ्या बादलीत घेतात आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून पाण्याखाली वर-खाली हलवतात. त्यानंतर निदान अर्धा ते एक तास पाणी उपसू नये, कारण जंतू मरण्यास तेवढा वेळ लागतो. पिशवीचे तोंड उघडे राहिले किंवा ती ओलाव्यात ठेवली तर क्लोरीन उडून जाते आणि पांढरी भुकटी तेवढी उरते. अशी पावडर रोज टाकली तरी नोंदवहीखेरीज कशावरही तिचा परिणाम होत नाही.

म्हणून ओटी टेस्ट करतात. नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन शिल्लक असल्यास पाणी पिवळे होते, आणि रंग जितका गडद तितके क्लोरीन अधिक. ही चाचणी टाकीजवळच्या पहिल्या नळावर न करता गावाच्या टोकाच्या शेवटच्या नळावर करणे महत्त्वाचे असते, कारण तेथे भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल, तरच वाटेत शिरलेल्या जंतूंनाही अटकाव झाला असे म्हणता येते. गावातील स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. त्यातील लाल रंग तीव्र जोखमीचा निदर्शक असतो.

५. अंतर आणि हात धुणे

पाणी शुद्ध असले तरी ते दूर असेल तर काय होते, हे एका साध्या हिशेबाने कळते. भारताच्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर, म्हणजे २० लिटरच्या भांड्याने सुमारे १४ खेपा लागतात. एका खेपेस अर्धा तास धरला तर सात तास केवळ पाणी भरण्यात जातात. प्रत्यक्षात कोणतेच कुटुंब एवढ्या खेपा करू शकत नाही. चार-पाच खेपांवर ते भागवते आणि माणशी १६ ते २० लिटर पाणी पदरात पडते. पिणे आणि स्वयंपाक टळत नाही, म्हणून काटकसर होते ती हात, भांडी, कपडे आणि शौचालय धुण्याच्या पाण्यात. ज्या घरांत पाणी बाहेरून आणावे लागते अशा दहापैकी सात घरांत हे काम स्त्रिया आणि मुली करतात, त्यामुळे पहिला घाला त्यांच्याच शाळेच्या तासांवर आणि मजुरीच्या दिवसावर पडतो.

हात धुण्याचे महत्त्व व्हिएन्नातील डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. असे असूनही हात धुण्याचा प्रचार बहुधा ‘सवय लावा’ एवढ्यावरच थांबतो. डोक्यावरून आणलेल्या शेवटच्या तांब्यात हात धुवावेत की भात शिजवावा, असा प्रश्न ज्या घरात रोज पडतो, तेथे सवयीचा उपदेश करण्याआधी नळ दारापर्यंत आणावा लागतो.

६. शौचालयानंतर काय?

शौचालय बांधणे हा स्वच्छतेचा आरंभ असतो, कारण मैला नजरेआड झाला तरी नाहीसा होत नाही. भांडे, साठवण, उपसा, वाहतूक, प्रक्रिया आणि विल्हेवाट अशी ही साखळी असून तिचा एक दुवा तुटला तरी मैला पुन्हा पाण्यात येतो. हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या मिरबाले येथील छावणीतील सांडपाण्याची व्यवस्था सदोष होती. तेथून ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याचे जंतू आर्तिबोनित नदीच्या उपनदीत मिसळले, आणि शतकभर कॉलऱ्याची नोंद नसलेल्या त्या देशात पुढील काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडून सुमारे दहा हजार दगावले. डिसेंबर २०१६ मध्ये महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

गटार नसलेल्या खेड्यात दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हा या साखळीचा स्वस्त पर्याय आहे. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवतात, पहिला सुमारे दोन वर्षे बंद ठेवतात आणि तेवढ्या काळात जंतू मरून आतील मैल्याचे कोरडे, वासरहित खत होते. खड्डा विहिरीपासून सुमारे १५ मीटर दूर असावा, हा ब्रॉड स्ट्रीटचाच धडा आहे. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले, त्यामागे भंगीमुक्ती आणि शेती असा दुहेरी विचार होता.

शहरांतील सेप्टिक टँकची गोष्ट वेगळी असते. तो दर दोन-तीन वर्षांनी उपसला नाही तर गाळाने भरतो आणि न निवळलेला मैला तसाच गटारात जातो. बहुतेक घरमालक टाकी तुंबल्यावरच गाडी बोलावतात आणि ती गाडी पुढे कोठे रिकामी होते याची चौकशी कोणी करत नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांतून एकदा प्रत्येक मालमत्तेची टाकी ठरल्या वेळापत्रकानुसार उपसण्याची आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत सुरू केली. बांधकामापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे मानणारी अशी उदाहरणे अजून थोडी आहेत.

७. चोवीस तास पाणी कसे शक्य होते?

खंडित पाणीपुरवठ्याचा दोष केवळ गैरसोयीचा नाही. नळात पाणी असते तेव्हा आतील दाब बाहेरील घाण आत शिरू देत नाही, पण पुरवठा बंद झाला की जलवाहिनी रिकामी होते, आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि गटारालगतच्या सैल सांध्यांतून सांडपाणी ओढले जाते. नळाला थेट मोटार लावल्यास हे ओढणे आणखी वाढते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ येते, त्याचे एक कारण हेच असते.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे १९९३ मध्ये शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जात होते, पुरवठा दिवसाला सुमारे दहा तास होता आणि तोही शहराच्या थोड्याच भागाला. युद्ध आणि नरसंहारातून नुकत्याच सावरणाऱ्या त्या देशात पाणीपुरवठा संस्थेची सूत्रे ‘एक सोन चान’ नावाच्या अधिकाऱ्याकडे आली. त्यांनी प्रत्येक जोडणीला मीटर बसवले, बेकायदा जोडण्या तोडल्या, बडे अधिकारी आणि सरकारी कार्यालये यांच्याकडूनही बिले वसूल केली, जुन्या वाहिन्या बदलल्या आणि गरीब कुटुंबांना जोडणीची रक्कम हप्त्याने किंवा सवलतीत भरण्याची मुभा दिली. गळती सुमारे सहा टक्क्यांवर आली, पुरवठा चोवीस तास झाला आणि शहराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्यात आला. चान यांना २००६ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गरिबांवर बोजा नको म्हणून पाणीपट्टी नाममात्र ठेवावी, असे अनेकदा म्हटले जाते. परंतु संस्थेकडे पैसा नसेल तर वाहिनी गरीब वस्तीपर्यंत पोचत नाही आणि त्याच गरिबाला विक्रेत्याकडून कितीतरी पट दराने पाणी घ्यावे लागते, हे या शहराने दाखवून दिले. पाणीपट्टी सर्वांकडून घेणे आणि सवलत नेमकी गरजूलाच देणे, या दोन्ही गोष्टी एकत्र साधाव्या लागतात.

८. निष्कर्ष

भारतात २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले तेव्हा ग्रामीण भागातील सुमारे १७ टक्के घरांत नळ होता, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बारा कोटींहून अधिक घरांना नवी जोडणी मिळाली, ही गोष्ट मोठीच आहे. पण वाहिनी टाकण्यासाठी एकदा पैसा लागतो, तर पावडर, वीज, दुरुस्ती, उपसा आणि जलसुरक्षकाचे मानधन यांसाठी तो दरमहा लागतो. सरकारी योजनांत पहिल्या खर्चाला निधी आणि उद्घाटन दोन्ही मिळतात, दुसऱ्या खर्चाला बहुधा दोन्ही मिळत नाहीत, आणि जगभरात बंद पडलेल्या पाणीयोजनांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच गोष्ट आढळते.

म्हणून आपल्या गावात किंवा प्रभागात पाणी खरोखर पोचले आहे का, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या नागरिकाने नळांची संख्या न विचारता पाच प्रश्न विचारावेत : शेवटच्या नळावर ओटी टेस्ट कधी झाली, पाण्याची रासायनिक तपासणी झाली का, गावाला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, पाणी दिवसाला किती तास येते, आणि सेप्टिक टँकमधून उपसलेला मैला कोठे जातो. या प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दप्तरी असली पाहिजेत. नसतील तर ती तयार करायला लावणे, आणि पाणीपट्टी वेळेवर भरून ही उत्तरे मागण्याचा आपला हक्क भक्कम ठेवणे, हे नागरिकांचेच काम आहे.